मेजरसाहेबांचा पाहुणचार

शनिवार, ता. ३ मार्च १८९४

आज आमच्या गिरणीचा मॅनेजर ब्राउनलो साहेब मेलबोटीने विलायतेला गेला. जाताना आपला कुत्रा माझ्या हाती दिला. माझ्या! सबंध ऑफिसदेखत. स्टोअरकीपर कुशाबा शेजारीच उभा होता, त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. कुत्र्याचं नाव मेजर. जात स्पॅनियल. कान लांब, चेहरा हायकोर्टाच्या जज्जासारखा.

साहेब म्हणाला, जयवंत, याला थोडंच खायला घाल, साधं घाल, तूप-चरबी मुळीच नको, पोट नाजूक आहे. मी मनात हसलो. इंग्रज झाला तरी माणसाची रीत सारखीच. आपल्याकडे कोणी पोर चार दिवस ठेवून गेलं तर म्हणतंच, फार खात नाही हो, मुद्दाम काही करू नका. म्हणून आपण पोराला उपाशी ठेवतो काय? तसं म्हणणं त्याचं काम, आग्रह करणं आपलं. एवढं न कळायला मी काही काल जन्मलो नाही.

हेडक्लार्क म्हातारा झालाय, दिवाळीपर्यंत घरी बसेल. साहेब पावसाळा संपताच येणार. कुत्रा गुटगुटीत दिसला की खुर्ची माझी. निश्चय: आजपासून रोजनिशी. एकही दिवस चुकवायचा नाही.

सोमवार, ता. ५ मार्च

काल रविवार, म्हणून लिहिलं नाही.

कुटुंबाची तक्रार सुरू. कुत्रा चुलीपाशी येता कामा नये. म्हटलं, गॅलरीत राहतील. तिने विचारलं, राहतील कोण? म्हटलं, मेजरसाहेब. साहेबाच्या कुत्र्याला अरेतुरे करायची सवय लागली तर उद्या साहेबापुढे तोंडातून जायचं. ती म्हणाली, मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, मला नाही कोणी अहोजाहो केलं. बायकांना कुठल्याही गोष्टीत आपलं गाऱ्हाणं घुसडता येतं.

काल संध्याकाळी पोळी तुपात भिजवून दिली. वास घेऊन तोंड फिरवलं. लाजतात. घर नवं आहे. पुष्कळ आग्रह केला. मग जबडा उघडून घास घातला, तेव्हा गिळला. म्हणजे आवडला. पहाटे ओकले. परळहून गिरगावपर्यंतचा प्रवास, शीण व्हायचाच.

गुरुवार, ता. ८ मार्च

मेजरसाहेबांचे डोळे पिवळट दिसतात. कुटुंब म्हणते, कावीळ. मी म्हटलं, कावीळ माणसांना होते. विलायती जात आहे, असतील डोळे तसे. साहेबाचे नाहीत का घारे? ती म्हणाली, आले त्या दिवशी असे नव्हते. हिने त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिलं?

जिन्यात घाण केली म्हणून चाळकऱ्यांची ओरड. लघवी हळदीच्या पाण्यासारखी. गिरणीच्या मॅनेजरचा कुत्रा यांच्या जिन्यात पायधूळ झाडतो, हा मान आहे, पण गाढवाला गुळाची चव काय. निश्चय: खुराक वाढवणे. सारा अशक्तपणा आहे.

बुधवार, ता. १४ मार्च

मध्यंतरी ऑफिसात काम फार.

कुत्र्यांच्या रोगांवरचं एक इंग्रजी पुस्तक जुन्या बाजारातून आणलं. अर्धं वाचलं. बाकीची पानं वरून जोडलेलीच होती, कापायला सुरी सापडली नाही. तरी मुद्दा लक्षात आला. दुखणं लिव्हरचं आहे. (कावीळ नव्हे, लिव्हर. कुटुंबाला तसं स्पष्ट सांगितलं.) लिव्हर अशक्त तर लिव्हरच घाला, ही साधी अक्कल. खाटकाकडून बकऱ्याची कलेजी आणून तुपात परतवली. मी स्वतः परतवली, कारण कुटुंब म्हणाली, मी या पापात नाही.

मेजरसाहेबांनी चाटली. नंतर गॅलरीच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसले. खोलवर गुण येत असावा.

बुधवार, ता. २१ मार्च. होळी

पुरणपोळी. वर तुपाची धार. सणाच्या दिवशी पाहुणा उपाशी राहिला असं माझ्या वाडवडिलांच्या घरात झालेलं नाही. मेजरसाहेब नाही नाही म्हणत होते, म्हणजे मान वळवत होते. पण आग्रहापुढे कोणाचं चाललंय? सबंध पोळी गेली. मला फार समाधान वाटलं. आमच्या बापूकाकांना जेवढं जेवायला घालून मला समाधान वाटत नाही तेवढं वाटलं, कारण बापूकाका नंतर नावं ठेवतात.

कुटुंब पानावर बसली नाही.

शनिवार, ता. २४ मार्च

कालपासून मेजरसाहेब उठले नाहीत. ओकारीत नुसतं पिवळं पाणी. हाक मारली की शेपटीचं टोक तेवढं हलतं. ऑफिसातून अर्धा दिवस घेतला आणि त्यांना गोणपाटात गुंडाळून परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेलं. ट्रामवाल्याने चढू दिलं नाही. व्हिक्टोरियावाल्याने नाक धरून नेलं.

डॉक्टर पारशी, तरणाताठा. त्याने ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, बरगडीखाली पोट चाचपलं, मेजरसाहेब कण्हले. म्हणाला, अरे बावा, एचा लिव्हर सुजला. एला घी कोन देते? मी म्हटलं, कोणीच नाही. (आपल्या घरच्या गोष्टी परक्यापुढे कशाला?) मग तो म्हणाला, घी बंद, मटन बंद, मिठाई बंद. तांदळाची पातळ पेज, ताकाची निवळी, उकडलेल्या मासळीचा थोडा भाग, काटा काढून. दिवसातून पुष्कळ वेळा, दर वेळी बशीभर. पोट साफ व्हायला रेवाचिनीची पूड दिली. आणि निजू दे म्हणाला, जबरदस्ती नको. बरं वाटेल, वेळ लागेल. घरी होत नसेल तर इथे ठेवून जा.

मी त्याच्याकडे पाहातच राहिलो. पेज! गिरणीच्या मॅनेजरचा कुत्रा, आणि खाणार काय तर गिरणीतल्या जॉबर-मुकादमाच्या घरची पेज. उद्या साहेब विचारील, जयवंत, माझ्या मेजरला तुझ्या घरी काय मिळालं? पेज, साहेब. लाजेने जमिनीत जायची पाळी. ठेवून येणंही शक्य नव्हतं. तिथे शेजारी खटाऱ्याचा लंगडा बैल. शिवाय बरा झाला तर नाव इस्पितळाचं होणार.

पूड घेतली. बाकी विचार करू.

मंगळवार, ता. २७ मार्च

पुडीचा वास वाईट. मेजरसाहेबांना आवडणार नाही म्हणून दिली नाही.

मासे विकायला येणारी तुळसा कोळीण दारात टोपली टेकून म्हणाली, अरं दादा, ही तं साधी काविल हाय. लालबागेत धर्मा हाय ना, त्यो माल घालतो. माल डोक्यावं ठेवायची, जशी काविल उतरंल तशी माल वाढंल आन् खाली उतरंल. माजे दिराला तशीच बरी केली. मी इंग्रजी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण गिरणीतून येताना वाटच लालबागेतून आहे.

धर्माने विचारलं, पेशंट कोण? म्हटलं, मेजर. तो खूश झाला, म्हणाला गोऱ्या पलटणीतला आपला पहिलाच. मी खुलासा केला नाही. काड्यांची बारीक माळ, गाठी गाठी मारलेली. कुत्र्याच्या डोक्यावर राहीना, म्हणून कानांवरून गळ्याशी आणून ठेवली. घट्ट बसली.

शनिवार, ता. ३१ मार्च

माळ सैल झाली आहे! तेव्हा दोन बोटं शिरत नव्हती, आज सबंध हात जातो. कावीळ उतरते आहे. कुटुंबाला दाखवलं. ती म्हणाली, माळ नाही वाढली, मान बारीक झाली. या बाईला कशातच चांगलं दिसत नाही. लग्नात माझाही चेहरा तिला असाच दिसला असेल.

कलेजी आणि तूप चालूच. म्हणजे मी देतो. खातात की नाही ते ऑफिसच्या वेळी पाहायला मी नसतो. संध्याकाळी वाटी स्वच्छ असते खरी.

बुधवार, ता. ४ एप्रिल

लिहायला हात शिवशिवत होता. मेजरसाहेब उठले! मी जिना चढून आलो तर दारापर्यंत चालत आले, शेपटी हलवली, माझा जोडा हुंगला. डोळ्यांचा पिवळेपणा पुष्कळ कमी. ओकारी बंद. माळ पाठीवरून घसरून मागच्या पायांतून निघाली, ती मी देव्हाऱ्याजवळ ठेवली. तूप, कलेजी आणि माळ. तिन्ही शास्त्रं मी एकत्र आणली, हे परळच्या डॉक्टरला सुचलं नसतं. साहेब आला की या विषयावर एखादा पेपर लिहावा म्हणतो.

कुटुंब हल्ली गॅलरीत बसून भाजी चिरते. तिला मी बोलताना ऐकलं. मेज्या, आज बशी सगळी संपवलीस रे, शहाणं माझं ते. साहेबाच्या कुत्र्याला मेज्या! तिला समज दिली. ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून जास्त बोललो नाही.

गुरुवार, ता. ५ एप्रिल

घात झाला.

कुशाबा कुत्रा पाहायला म्हणून सांगितल्याशिवाय आला. मी आत ऑफिसला जायला शर्टाची कॉलर लावत होतो. बाहेर येऊन पाहतो तर हा गॅलरीत उभा, आणि मेजरसाहेब पितळीत पेज पिताहेत. पेज! वर उकडलेल्या बोंबलाचे तुकडे. कुशाबा दात काढून म्हणाला, वा जयवंतराव, साहेबाच्या कुत्र्याला पेजेवर ठेवलंत? परवडत नसेल तर सांगायचं होतं, आम्ही वर्गणी काढली असती.

तो गेल्यावर सगळं बाहेर आलं. डॉक्टरचं बोलणं मी घरी येऊन थट्टेने सांगितलं होतं, तेव्हापासून ही माझ्यामागे रोज पेज देते, पुडीसुद्धा. माझी कलेजी आणि तूप कावळ्यांना जात होतं. मी विचारलं, नवऱ्याची अब्रू गेली तरी चालेल? ती म्हणाली, तो बरा होतोय ते दिसत नाही का तुम्हाला? मी म्हटलं, तो माळेने बरा झाला, तुझ्या पेजेने फक्त माझी खुर्ची गेली. ती म्हणाली, मग खुर्ची पाळायची होती, कुत्रा कशाला आणलात?

शेळी जाते जिवानिशी, असं काहीतरी पुटपुटलीसुद्धा. पेजेचं पातेलं मी स्वतः मोरीत ओतलं.

शुक्रवार, ता. ६ एप्रिल

ऑफिसात जो तो विचारतो, मेजर पेज पितो काय? एकाने तर मिठाची पुडी आणून दिली. आजचं ग्रहण माझ्याच राशीला आहे. निश्चय: उद्या पाडवा. उद्या सगळ्यांची तोंडं बंद करायची.

शनिवार, ता. ७ एप्रिल. पाडवा

कुशाबाला आणि ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावलं. त्यांच्या रांगेत शेवटचं पान मेजरसाहेबांचं, समोर रांगोळी. श्रीखंड, पुऱ्या, मटणाचा रस्सा वरच्या तवंगासकट, बाजूला तुपाची वाटी. कुशाबाचं तोंड उघडं पडलं. तो म्हणाला, एवढं आम्हाला आमच्या सासरी मिळालं नाही.

मेजरसाहेब पानावरून उठून कुटुंबाकडे गेले. मी त्यांना परत आणून बसवलं. मंडळी म्हणाली, घ्या मेजरसाहेब, आमच्यासाठी एक पुरी. प्रत्येकाने एकेक भरवली. मी शेवटी श्रीखंड भरवलं, दोन्ही हातांनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गिळलं. माझ्या हातून घेतलं ते त्यांनी. दुसऱ्या कोणाच्या हातून एवढं घेतलं नव्हतं.

दिवस छान गेला. कुटुंब स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

सोमवार, ता. ९ एप्रिल

ठीक नाहीत. पाडव्याचं जड जेवण कोणालाही बाधतं, मलाही आंबट ढेकर येताहेत. एरंडेल दिलं. पोटात राहिलं नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलं आहे. त्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. कुटुंबाने पेज भरवून पाहिली. बोटाला लावून जिभेवर ठेवली. तीही आता घेत नाहीत.

ही ग्रहणाची बाधा. त्या दिवशी घरात पाणी झाकून ठेवायला हवं होतं. कुटुंबाला एवढंही लक्षात राहत नाही.

मंगळवार, ता. १० एप्रिल

ऑफिसातून आलो तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, दुपारी कुत्र्याला पदरात घेऊन गेल्या, व्हिक्टोरिया केली. एकटी! आमच्या घराण्यातली बाई एकटी परळपर्यंत, मांडीवर कुत्रा, सगळ्या गिरगाव रोडदेखत. आल्यावर चांगलं खडसवायचं ठरवून जिन्यात बसून राहिलो.

दिवेलागणीला आली. हात रिकामे. लुगडं ओलं होतं. मी विचारलं, मेजरसाहेब? ती म्हणाली, गेला. डॉक्टर काय म्हणाला विचारलं. तो म्हणाला, बाय, चार दिवस आधी आनला असता. मग तिने कुलूप काढलं, आत गेली, न्हाणीत जाऊन बसली.

मी गॅलरीत गेलो. उंबऱ्यापाशी सवयीने पाय उचलून टाकला, तिथे कोणी निजलेलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ऑफिसचं नाही, नुसतंच वाईट वाटलं. मी त्याचं कधी वाईट चिंतलं नव्हतं. माझ्या पानातला घास त्याला दिला. आणखी काय करायला हवं होतं, कोणीतरी सांगावं.

गुरुवार, ता. १२ एप्रिल

सगळा दोष डॉक्टरचा. पेज म्हणाला नसता तर कुटुंबाने दिली नसती, दिली नसती तर शरीराला हलक्या अन्नाची सवय लागली नसती, आणि पाडव्याचं पचलं असतं. याचं खरं कारण मला आज अंघोळ करताना सापडलं. कुटुंबाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडत राहिली. ती बोलत नाही. वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. किती दिवस टिकतं पाहू.

निश्चय: साहेबासाठी इंग्रजीत भाषण तयार करणे.

शनिवार, ता. ६ ऑक्टोबर

मध्यंतरी लिहिणं झालं नाही. पावसाळा होता.

साहेब काल आला. भाषण पाठ होतं, पण मेजर म्हणताना पुढचं इंग्रजी आठवेना, ते आपोआप बरं दिसलं. मी सांगितलं, साहेब, घरच्या माणसाला केलं नसतं एवढं केलं. साहेबाने खिडकीबाहेर पाहिलं, नाक शिंकरलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्या ऑफिसला म्हणाला, या माणसाला कुत्र्याची माया आहे.

हेडक्लार्कची जागा कुशाबाला दिली. हिशोबात पक्का आहे म्हणे. मला आज बंगल्यावर बोलावून साहेबाने एक पिल्लू दिलं. त्याच्या कोणा दोस्ताच्या कुत्रीचं, स्पॅनियलच. तुझंच समज, म्हणाला. मी ते कोटाच्या आत घालून परळहून गिरगावपर्यंत आणलं. वाटभर झोपलं होतं. कोटाला लाळ लागली. मला वाटलं, आता कुटुंब बोलेल.

तिने दार उघडलं. पिल्लू पाहून दोन्ही हात पुढे केले. उचलून गालाशी धरलं, ते तिचं नाक चाटू लागलं. तिचे डोळे भरले. मी हसून म्हटलं, हे आपलंच आहे, साहेबाने कायमचं दिलं. तिने त्याचे लांब कान कुरवाळले. मग त्याला माझ्या हातात परत दिलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, परत देऊन या. ह्याला तरी जगू द्या.

मी म्हटलं, अगं, पण साहेब काय म्हणेल? ती आत निघून गेली.

परत परळला गेलो. साहेब पाहुण्यांबरोबर चहा घेत होता. मी पिल्लू पायरीवर ठेवलं आणि सांगितलं, साहेब, गिरगावची हवा कुत्र्यांना मानवत नाही. साहेब म्हणाला, असेल.